माघात बसवलेली कोंबडी

चार वर्षांपूर्वी होळी झाल्यावर मी एक कोंबडी अंड्यांवर बसवली. अंडी तेरा, पिल्लं निघाली चार, आणि चैत्र सरेपर्यंत उरलं एक. कोंबडीत काही खोट नव्हती. तीच कोंबडी आदल्या साली माघात बसली होती, तेव्हा तिनं तेरातली अकरा पिल्लं काढली होती. चुकलं होतं ते माझं पंचांग.

तेव्हापासून मकर संक्रांत ते गुढीपाडवा हे दोन-अडीच महिने मी कोंबड्यांच्या नावावर लिहून ठेवलेत. एरवी वर्षभर कोंबडीकडं थोडं दुर्लक्ष झालं तरी ती निभावून नेते. या दिवसांत मात्र पहाटे थंडी, दुपारी ऊन, अंडी भरपूर आणि खुराड्यात दोन-तीन कोंबड्या एकदम खुडूक (म्हणजे अंडी उबवायला बसायच्या ओढीत), असं सगळं एकाच वेळी अंगावर येतं. परसात दहा-वीस-तीस गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांनी या दिवसांत काय काय करावं ते इथं लिहिते आहे. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, कोरड्या माळावर. तुमच्याकडची हवा वेगळी असेल तर तारखा पुढं-मागं करून घ्या.

आधी उलटं मोजा

अंडं उबायला २१ दिवस लागतात. पिल्लाच्या अंगावर लव जाऊन नीट पिसं यायला पाच-सहा आठवडे. तोवर त्याला थंडीही सोसत नाही आणि तापलेली हवाही. आमच्याकडं एप्रिलच्या मध्यावर पारा चाळिशीला टेकतो. त्याच्या आत पिल्लू पिसांत आलेलं हवं, म्हणजे ते फेब्रुवारी सरता सरता अंड्यातून बाहेर पडायला हवं, म्हणजे कोंबडी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बसायला हवी. महाशिवरात्रीनंतर मी अंडी बसवतच नाही. त्यानंतर एखादी खुडूक झाली तर तिची खुडूक मोडते.

दुसरं गणित बाजाराचं. श्रावण पाळणारी घरं आखाडात दोन-चार वेळा तरी गावरान कोंबडा कापतात, आणि आखाड सरला की तोच कोंबडा महिनाभर कुणी विचारत नाही. फेब्रुवारीअखेर निघालेला नर आखाडात चार-साडेचार महिन्यांचा, विकण्याजोगा झालेला असतो. एप्रिलमध्ये निघालेला तीन महिन्यांचा, नुसती हाडं. तो श्रावणभर फुकट दाणे खातो. माद्यांचंही तसंच: फेब्रुवारीतली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, सहा महिन्यांनी, भाद्रपदाच्या आसपास पहिलं अंडं देते आणि ऐन थंडीत, गावरान अंड्याला गिऱ्हाईक असतं तेव्हा, अंड्यावर असते, म्हणजे अंडी घालत असते.

कोकणात पारा इतका चढत नाही, पण तिथं पावसापासून उलटं मोजावं. मृगाच्या पहिल्या सरींत ओली झालेली तीन-चार आठवड्यांची पिल्लं पटापट मरतात.

संक्रांतीला कोंबड्याकडं बघा

अंडी वाढतात त्याचं श्रेय आपल्या चाऱ्याला फारसं नसतं. कोंबडीचं अंड्यावर येणं उजेडावर चालतं. डिसेंबरअखेर आपल्याकडं दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, २१ मार्चच्या सुमारास तो बारा तासांचा होतो. हा वाढता उजेड डोळ्यांवाटे आणि कवटीतून मेंदूपर्यंत पोचतो आणि थंडीत थांबलेल्या कोंबड्या पुन्हा सुरू होतात. तुरा लाल आणि टवटवीत झाला की समजायचं, आठवड्या-दोन आठवड्यांत अंडं येणार.

पण अंडं येणं वेगळं आणि त्यातून पिल्लू निघणं वेगळं. आठ ते दहा कोंबड्यांमागं एक तरणा कोंबडा हवा. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं घरचाच कोंबडा चालतो, म्हणजे बापलेकी आणि बहीणभाऊ. दोन-तीन पिढ्यांत अंडी वांझ निघायला लागतात, पिल्लं लुळी निघतात. दर संक्रांतीला कोंबडा बदलावा. विकत घ्यायला हवा असंही नाही, लांबच्या गावातल्या पाहुण्यांशी अदलाबदल करावी. नवा कोंबडा आल्यावर लगेच अंडी धरू नका. जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. तीन आठवडे जाऊ दिले की पिल्लं नव्याचीच. आणि नवा आला की जुना त्याच दिवशी बाहेर काढा, नाहीतर आठवडाभर रक्ताळलेले तुरे बघत बसावं लागेल.

वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेल्या जाती, किंवा बंगळुरूची गिरिराजा, तुमच्याकडं असतील तर एक लक्षात घ्या. त्या अंडी जास्त देतात, पण खुडूक सहसा होत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवता येतात. अंडं आकारानं मोठं असतं, म्हणून तेराऐवजी नऊच ठेवा. त्यातून निघालेली पिढी आईइतकी अंडी देईल अशी आशा मात्र धरू नका; संकराचा गुण पुढच्या पिढीत विखुरतो.

अंडी जमवणं

इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते दिसत नाही.

बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. थंडी असेल तर दहा दिवस कसेबसे चालतात. अंडं वीस-एकवीस अंशांच्या वर राहिलं की आतला जीव हळूहळू हलायला लागतो. मग रात्री गारठा पडला की तो थांबतो, दुसऱ्या दुपारी पुन्हा हलतो. असं तीन-चारदा झालं की तो मरतो. फेब्रुवारीत दुपारी ३३ आणि पहाटे १४ अंश, म्हणजे पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेल्या अंड्याची रोज हीच परीक्षा. आणि वरून बघितलं तर अंडं अगदी ताजं दिसतं.

मी अंडी माठाखाली ठेवते. माठाची ओली वाळू असते तिच्यावर एक खापर, खापरात कोरडा भुसा, त्यावर अंडी, टोकाची बाजू खाली. वाळूचा गारवा लागतो आणि अंडं ओलं होत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेलं अंडं पोळ्याला चांगलं, बसवायला नको.

निवडताना फार लहान, फार मोठं, लांबुळकं, खडबडीत कवचाचं अंडं बाजूला काढा, ते घरात खा. दोन अंडी कानाजवळ एकमेकांवर हळूच वाजवा. तडा गेलेल्याचा आवाज फुटक्या मडक्यासारखा येतो. शीट लागलेलं अंडं धुऊ नका. अंड्यावर जन्मतः एक पातळ लेप असतो, तो धुतला की कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जातात. सुक्या फडक्यानं पुसण्याजोगं असेल तर पुसा, नाहीतर आमलेट.

कोंबडी खरंच खुडूक आहे का?

दिवसभर खुराड्यात बसून राहते, जवळ गेलं की पिसं फुलवून खुडखुडते, पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते. ही लक्षणं दोन दिवस आणि दोन रात्री टिकली तर ती खरी. काही कोंबड्या दिवसा बसतात आणि रात्री मजेत वर दांडीवर जाऊन झोपतात. त्यांच्यावर विसंबू नका. तिच्याखाली आधी दोन-तीन खोटी अंडी ठेवून बघायची, मी पिंगपाँगचे चेंडू ठेवते. दोन दिवस त्यांच्यावर इमानानं बसली तर तिसऱ्या रात्री खरी.

अंडी ठेवण्यापूर्वी कोंबडी उलटी धरून पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघा. उवा-पिसवा नेमक्या तिथं असतात. एरवी कोंबडी मातीत लोळून त्या झाडते. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस जागची फारशी हलत नाही आणि त्या तिला अक्षरशः पोखरतात. अर्धी अंडी टाकून उठलेल्या कोंबडीला लोक नावं ठेवतात, पण बऱ्याचदा तिला उवांनी उठवलेलं असतं. चाळलेली राख पिसांच्या मुळाशी चोळा. जास्तच असतील तर जनावरांच्या दवाखान्यातून पावडर आणा आणि ती बसवायच्या तीन दिवस आधी लावा, म्हणजे अंड्यांना लागत नाही. सीताफळाच्या बियांची पूड जुन्या बायका वापरत, गुणही यायचा, पण ती डोळ्यांत गेली तर फार वाईट. घरात लहान मुलं असतील तर नकोच.

टोपली रुंद तोंडाची घ्या, जुनं घमेलंही चालतं. तळाशी चार बोटं माती, मधे बशीसारखा खोलगट भाग, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि वर वाळलेलं मऊ गवत. माती टाळू नका. खाली माती नसली की अंडी मधे घरंगळून एकावर एक चढतात आणि कडेची थंड पडतात. जागा अंधारी, शांत, उंदीर येणार नाही अशी. आणि मुंग्या! पिल्लू कवच फोडत असताना त्याला बाहेर पडायला अर्धा दिवस लागतो. मुंग्यांना तेवढा पुरतो. टोपली विटांवर ठेवून भोवती राखेची जाड रेघ ओढा आणि दर दोन दिवसांनी ती पुन्हा ओढा.

सासूबाई टोपलीत एक लोखंडी खिळा ठेवतात, वीज कडाडली तर अंडी खराब होऊ नयेत म्हणून. माघात वीज कुठून कडाडणार, पण मी तो खिळा कधी काढला नाही.

कोंबडी रात्री बसवायची. पोटाखाली सगळी अंडी झाकली जातील तेवढीच ठेवा, साधारण अकरा-तेरा. एक अंडं जरी बाहेर डोकावत असेल तर रोज वेगळं अंडं बाहेर येतं आणि हळूहळू सगळीच गारठतात. प्रत्येकावर पेन्सिलीची खूण करा. इतर कोंबड्या त्याच टोपलीत येऊन अंडं टाकून जातात. बिनखुणेचं दिसलं की त्याच दिवशी काढायचं.

जमलं तर दोन कोंबड्या एकाच रात्री बसवा. आळीतल्या दोन-चार बायकांशी बोलून सगळ्यांच्याच कोंबड्या त्या आठवड्यात बसल्या तर आणखी बरं. त्याचं कारण लशीच्या वेळी कळेल.

एकवीस दिवस

कोंबडी दिवसातून एकदा उठते. पंधरा-वीस मिनिटांत शीट टाकते, दाणे खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि परत बसते. आपलं काम एवढंच की ते सगळं तिला चार पावलांवर मिळावं. आख्खे दाणे द्या, ज्वारी किंवा मका. ओला भरडा दिला की शीट पातळ होते आणि टोपली घाण होते. काही कोंबड्या उठतच नाहीत. तिला सकाळी हलक्या हातानं उचलून खाली ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघा. अंडी फिरवायची काळजी करू नका, ती चोचीनं आणि पायांनी दिवसभर फिरवत असते.

सातव्या रात्री अंडी तपासा. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर मूठ धरून त्यावर अंड्याची रुंद बाजू टेकवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे काळा ठिपका दिसला तर जीव आहे. सगळं स्वच्छ पिवळसर दिसलं तर वांझ. शिरा नाहीत आणि नुसतं लाल कडं दिसतंय तर जीव धरून मेलं. ही दोन्ही काढून टाका, विशेषतः मेलेली. ती पुढं सडून टोपलीतच फुटतात आणि त्या वासानं कोंबडी उठते. दोन कोंबड्या एकदम बसवलेल्या असतील तर दोघींची चांगली अंडी एकीखाली मावतात का बघा. मावली तर दुसरीला नवी अंडी देता येतात किंवा खुडूक मोडून पुन्हा अंड्यावर आणता येतं.

चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा बघा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका.

माणदेशात फेब्रुवारीअखेर हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. अंड्याच्या आतली पातळ साल तशीच सुकते आणि पिल्लाला चिकटते. म्हणून अठराव्या दिवशी कोंबडी उठली की टोपलीच्या कडेच्या मातीवर कोमट पाणी शिंपडा. अंड्यांवर नको, मातीवर. तेवढ्या ओलीनं फरक पडतो.

विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येते. कवचाला टोच पडते, मग पिल्लू बराच वेळ गप्प बसतं आणि आपला जीव खालीवर होतो. मीही पहिल्या वर्षी कवच सोलून दोन पिल्लं बाहेर काढली होती. दोन्ही रक्ताळून मेली. ते गप्प असतं तेव्हा आतल्या शिरांतलं रक्त आणि पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं. त्याच बलकावर ते दोन दिवस काही न खाता राहू शकतं. तेव्हा खायला घालण्याचीही घाई नको. बाविसाव्या दिवसापर्यंत जे निघालं ते आपलं. उरलेली अंडी काढून घ्या, नाहीतर कोंबडी त्यांच्यासाठी बसून राहते आणि पिल्लं उपाशी.

खुडूक मोडायची असेल तर कोंबडीला खाली जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणा-पाणी नेहमीसारखं. पोटाला गार हवा लागली की ती उतरते. नाकपुडीत पीस खोचतात, पाण्यात बुचकळतात, तसलं काही करू नका. त्यानं ती जास्त भेदरते आणि अंड्यावर यायला आणखी वेळ घेते.

पिल्लं

आई असेल तर अर्धं काम तिचं. पहिले आठ-दहा दिवस तिला पिल्लांसकट मोठ्या डालग्याखाली ठेवा. ऊन नीट वर आल्यावर तासभर बाहेर सोडा. पहाटे दव असताना सोडलेली पिल्लं पोटाखाली भिजतात, मग मान टाकतात. आणि घारीवर लक्ष ठेवा. घारींची पिल्लंही याच दिवसांत घरट्यात असतात, त्यांना रोज चार घास न्यायचे असतात. आमच्या अंगणात मी शेवग्यापासून भिंतीपर्यंत जुनं मासेमारीचं जाळं ताणलंय. दिसायला ओंगळ आहे, पण ते लावल्यापासून घार खाली आलेली नाही.

दोघींची पिल्लं एकीला द्यायची असतील तर रात्री, अंधारात, तिच्या पंखाखाली सरकवा. वयात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. एक धडधाकट कोंबडी या दिवसांत पंधरा-अठरा पिल्लं सांभाळते.

आई नसेल, पिल्लं विकत आणली असतील, तर दिव्याची ऊब लागते. आजकाल घरोघरी एलईडी आलेत. त्यांचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. खाली उजेड लख्ख आणि पिल्लं गारठून मेलेली, असं आमच्या शेजारी झालंय. जुना पिवळा दिवा किंवा खास उबेचा लाल दिवा हवा. दर पिल्लामागे साधारण दोन वॅट धरा, म्हणजे तीस पिल्लांना साठ वॅटचा एक दिवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. दिव्याखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, दिवा खाली घ्या. चोची उघडून भिंतीला चिकटली असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडं पसरून, पाय लांब करून झोपली असतील तर बरोबर. फेब्रुवारीत रात्री दिवा लागतो आणि दुपारी बंद करावा लागतो. हे विसरलं की पत्र्याच्या खोलीत पिल्लं भाजून निघतात. वीज गेली तर निखाऱ्यांचं गाडगं बंद खोलीत ठेवू नका; धूर दिसत नसला तरी कोळशाच्या वायूनं पिल्लं आणि माणसं दोन्ही मरतात. खोका पोत्यानं तीन बाजूंनी झाका, एक उघडी ठेवा.

जमिनीवर भाताचा तूस किंवा भुईमुगाची बारीक केलेली टरफलं, दोन-तीन इंच. पहिले तीन दिवस त्यावर कागद अंथरा, नाहीतर पिल्लं तूसच खात बसतात. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात. पोत्याचं फडकं किंवा खरबरीत कागद बरा. पहिलं पाणी कोमट, लिटरला दोन-तीन चमचे गूळ घालून. पाण्याच्या ताटलीत गारगोट्या टाका म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य, ज्यात प्रथिनं सुमारे २० टक्के हवीत. नुसत्या कणीवर वाढवलेली पिल्लं जगतात, पण दोन महिन्यांनीही चिमणीएवढीच दिसतात.

प्रथिनांसाठी फुकटची वस्तू म्हणजे वाळवी. मडक्यात सुकं शेण, कडब्याचे तुकडे आणि ओलं गोणपाट कोंबायचं, वाळवी असलेल्या बांधावर संध्याकाळी उपडं घालायचं. सकाळी मडकं वाळवीनं भरलेलं असतं. पिल्लांपुढं झटकलं की मिनिटात फडशा. याच दिवसांत ज्वारीची खळी होतात, खळ्यावरचं मातेरं कोंबड्यांसाठी मागून आणा. बियाण्याच्या पिशवीतला रंग लावलेला दाणा मात्र अंगणात येऊ देऊ नका, ते विष असतं.

लस

मानमोडी. सरकारी भाषेत राणीखेत, कुमाऊंच्या डोंगरातल्या त्या गावाच्या नावावरून. हवा बदलते तेव्हा ती हमखास येते: हिरवी-पांढरी हगवण, तोंडानं श्वास, पंख लोंबलेले, शेवटी मान पिळवटलेली. औषध नाही. आली की खुराडं रिकामं करून जाते. लस स्वस्त आहे, आणि तरी गावात निम्म्याहून जास्त घरं ती देत नाहीत, कारण बाटली शंभर मात्रांची असते आणि आपल्याकडं पिल्लं दहा. बाटली पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून वर म्हटलं की आळीनं मिळून कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात. सगळ्यांची पिल्लं एका वयाची असली की एक बाटली, एक थर्मास, एक सकाळ.

वेळापत्रक असं: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तीच पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत टोचून. आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी, ही मानमोडीचीच दुसरी लस, इंजेक्शन. ही शेवटची लस लहान पिल्लाला कधीच देऊ नका, ती त्याला झेपत नाही, लसच आजार होते. देवीचा रोग डास पसरवतात, म्हणून सांडपाण्याचा खड्डा आधी बुजवा. तारखा जनावरांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. त्यांच्याकडं कोणती लस कधी येते तेही कळतं.

लस बर्फातच आणायची, उन्हात धरायची नाही, सकाळी लवकर द्यायची. आजारी पिल्लाला द्यायची नाही. मोठ्यांना पाण्यातून देणार असाल तर आधी दोन तास पाणी बंद ठेवा आणि टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) टाकलेलं नळाचं पाणी वापरू नका, त्यानं लस मरते. विहिरीचं पाणी घ्या.

बाकीच्या कोंबड्या आणि येणारं ऊन

पिल्लांच्या नादात मोठ्यांकडं दुर्लक्ष होतं. थंडीसाठी खुराड्याला लावलेली पोती फेब्रुवारीच्या मध्यापासून दिवसा वर बांधा, रात्री सोडा, आणि मार्चमध्ये काढूनच टाका. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं एवढीच तिची सोय. म्हणून हवा खेळायला हवी. पत्र्यावर उसाचं पाचट घाला किंवा चुना मारा. पाचट चांगलं, पण होळीच्या ठिणगीपासून सांभाळा, शक्यतो होळी झाल्यावरच चढवा. तीस कोंबड्यांना थंडीत सहा लिटर पाणी पुरतं, एप्रिलमध्ये बारा लागतं. मातीची पसरट भांडी, सावलीत, दोन-तीन ठिकाणी. दाणे सकाळी आठच्या आत आणि उन्हं उतरल्यावर.

धापा टाकणाऱ्या कोंबडीचं अंडं पातळ कवचाचं येतं. श्वासाबरोबर जो वायू बाहेर जातो त्यातूनच कवचाचा चुना बनायचा असतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या खापरात संध्याकाळी ठेवा. कवच रात्री बनतं, तेव्हा तो पोटात असावा.

थंडीत दडून बसलेले साप आता बाहेर पडतात आणि अंड्यांच्या वासानं येतात. जाळी अर्ध्या इंचाची हवी. मोठ्या भोकांची जाळी कोंबडी आत ठेवते, साप बाहेर ठेवत नाही. रात्री टोपलीत हात घालताना आधी बॅटरी मारा.

बर्ड फ्लूची बातमी बहुतेक याच दिवसांत येते. देशात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. स्थलांतरित पक्षी अजून तळ्यांवर असतात, त्यामुळं कोंबड्या पाणवठ्यावर सोडू नका आणि बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवा. तुरे निळे पडून एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, कापून खाऊ नका, उकिरड्यावर टाकू नका; पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवून उपयोग नाही. रोग ठरला तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्याच कोंबड्या नष्ट करतात, आणि सरकारी भरपाई मिळते ती जिवंत पक्षी त्यांच्या हवाली करणाऱ्याला, आधीच मेलेल्यांची नाही.

धुळवडीला दारात माणसं कोंबडा मागायला येतात आणि पैसेही बरे देतात. बीजाचा कोंबडा त्या दिवशी विकू नका. मी दरवर्षी होळीच्या आदल्या रात्री त्याच्या पायाला लाल सुतळी बांधते आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवते. एका वर्षी बांधायची राहिली, मी शेतात होते, आणि दुपारी घरी आले तर सासऱ्यांनी पाव्हण्यांसाठी नेमका तोच कापला होता. रस्सा चांगला झाला होता. पुढचे दोन महिने अंडी वांझ.